चोरीला गेलेली पोकळी

‘माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. जे सुटतं, ते मुळात तिथे नव्हतंच असं समजावं. मी गुप्तहेर आहे, आणि इतका गुप्त, की पोलिसांनाही अजून माझा पत्ता लागलेला नाही. बुद्धी धारदार, पावलं मांजराची, आणि स्वभाव अत्यंत नम्र. हे मी स्वतःच सांगतो, कारण इतक्या अधिकाराने ते दुसऱ्या कोणाला सांगताच येणार नाही.’

आमच्या प्रकरण-वहीच्या पहिल्या पानावर हे असं लिहिलेलं आहे. मजकूर ह्यांचा, अक्षर माझं. हे म्हणजे माझे यजमान. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावतात, आणि उरलेल्या वेळात रहस्यं उलगडतात. ह्यांचा स्वतःचा नंबर उणे सहा. चष्मा काढला की मी कोण आणि फ्रिज कोण, हे ठरवायला ह्यांना जरा वेळ लागतो. आजवर दोन मोठी प्रकरणं झाली. एक, शेजाऱ्यांचं हरवलेलं पायपुसणं, जे धुऊन वाळत घातलेलं होतं. दुसरं, आमच्याच खोलीतला घर्र घर्र असा गूढ आवाज, जो रोज मला येतो आणि ह्यांना कधीच येत नाही. त्याचा तपास अजून चालू आहे.

माझं पद सहाय्यक. पगार नाही, रजा नाही. राजीनामा दोनदा दिला, तो ह्यांनी पुरावा म्हणून पाकिटात घालून ठेवला.

एरवी मी वही मांडीवर घेऊन बसते आणि ह्यांचं बोलणं चालू असताना मनातल्या मनात घरातल्या कामांची यादी करते. पण या प्रकरणात मला खरोखर घोर लागला होता, कारण आरोपीच्या पिंजऱ्यात माझ्या वडिलांचा पाय उभा होता. उजवा.

बाबांचा छोटा ट्रक आहे. जुना, पेट्रोलवर चालणारा, नाक पुढे काढलेला. त्यातून बाबा आरसे आणि काचा पोचवतात. मागे लाकडी चौकटी, चौकटींना आतून कांबळी ठोकलेली, आणि त्यात कपाटांचे आरसे, दुकानांच्या काचा उभ्या करून बांधायच्या. चाळीस वर्षांत बाबांच्या हातून एक आरसा फुटला नव्हता. बाबा गाडी थांबवतात तेव्हा ती थांबलीय हे बाहेर बघितल्यावर कळतं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढे डॉक्टरांनी पाय वाकवून, ताणून, दाबून बघितला आणि गाडी चालवा म्हणाले. फक्त पहिले काही महिने एकट्याने जाऊ नका. म्हणून आई सोबत जायला लागली. त्याला सात आठवडे झाले. आणि याच सात आठवड्यांत ट्रक पिसाळला.

आता थोडं गाडीचं. गाडी उभी असताना, पाय न लावता, इंजिन जे संथ चालत राहतं, त्याला गॅरेजवाले ‘स्लो’ म्हणतात. बाबांच्या ट्रकचा स्लो मी आणि दादा लहानपणापासून ओळखतो. डुग, डुग, डुग, मध्येच एक दम, पुन्हा डुग. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की आम्ही दोघं पुस्तक उघडून अभ्यासाला बसलेले दिसायचो. तो स्लो आता राहिलाच नव्हता. उभी गाडी घों घों करायची, जशी काही तिलाच कुठेतरी जायची घाई आहे. आणि मागच्या सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या फाटकाशी बाबांनी क्लच सोडला तर ट्रकने उडी मारली. मागच्या सहा फुटी आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. फाटकात त्या वेळी कोणी उभं नव्हतं, हे नशीब.

दादाने दुसऱ्याच दिवशी ट्रक मिस्त्रींकडे नेला. मिस्त्री चांगले आहेत, फक्त बोलायला कंजूष. दिवसभर ट्रक ठेवून घेतला, संध्याकाळी म्हणाले, “स्लो बरोबर आहे.” संपलं. पुढचा हिशोब दादाने केला. गाडीत बिघाड नाही, म्हणजे पायात आहे. ऑपरेशनचा पाय पेडलवर राहून जातो आणि बाबांना कळत नाही. दादा काही वाईट माणूस नाही. हे सगळं त्याने फार हळू आवाजात, बाबांच्या शेजारी बसून सांगितलं, आणि तेच जास्त लागलं. रविवारी सकाळी येईन, किल्ली माझ्याकडे द्या, म्हणाला. बाबा एरवी हवामानाच्या बातम्यांशीसुद्धा वाद घालतात. त्या दिवशी ते फक्त बरं म्हणाले.

नंतर ते अंगणात ट्रकच्या पायरीवर बसले होते. उजवा पाय पुढे-मागे हलवून बघत होते. मला म्हणाले, “तू खरं सांग. पाय माझं ऐकत नसेल, तर मला कळेल ना गं?”

मी घरी आले आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. हे प्रकरण मी आपणहून ह्यांच्या हवाली केलं.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, माझ्याऐवजी दाराकडे गंभीरपणे बघितलं आणि म्हणाले, “मला याची कल्पना होतीच.” कसली कल्पना, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

गुरुवारी दुकानातून अर्धी रजा टाकून हे आधी मिस्त्रींकडे गेले. स्लो कशाने वाढू शकतो, एवढंच विचारलं. मिस्त्री म्हणाले, “स्लो फास्ट झाला असेल तर व्हॅक्यूम बघा.” त्यावर हे तासभर खूश होते. स्लो फास्ट होणं हा विरोधाभास आहे, म्हणजे गुन्हेगार सुशिक्षित आहे, असा पहिला निष्कर्ष मला लिहावा लागला.

मग मला व्हॅक्यूमवर व्याख्यान झालं. इंजिन चालताना हवा आत ओढतं. त्याच्या डोक्यावर बोटाएवढ्या रबरी नळ्यांचं जाळं असतं, आणि त्यांत ती ओढ, म्हणजे पोकळी, धरून ठेवलेली असते. एखादी नळी चिरली किंवा निसटली, की तिथून आगंतुक हवा आत शिरते आणि इंजिन फुकट पळायला लागतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मला समजलंही. पण ह्यांना एखादी गोष्ट नीट समजली की ती तिथेच थांबवणं ह्यांच्या स्वभावात नाही.

“पोकळी म्हणजे काय? काहीही नसणं,” हे म्हणाले. “नळीत काहीही नसायला हवं होतं, ते आता नाही. थोडक्यात, कोणीतरी तिथलं काहीही-नसणं पळवून नेलंय.”

मी लिहिलं: चोरीस गेलेला माल, काही नाही.

अंगणात ट्रक चालू करून, नाकाडाचं झाकण उघडून हे आत शिरले. दुकानातलं भिंग, एक चिमटा, चिठ्ठ्यांचं पुडकं असा सरंजाम. नळ्या अकरा निघाल्या. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली: संशयित एक, संशयित दोन, असं अकरापर्यंत. मग बादलीत साबणाचं पाणी करून ते नळ्यांवर ओतलं आणि सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसे बुडबुड्यांची वाट बघत बसले. अर्धा तास गेला. एकही बुडबुडा आला नाही. अकराच्या अकरा निर्दोष, असं हे जाहीर करत होते, तेवढ्यात मिस्त्री कुंपणापाशी थांबले. ते रस्त्याने सहज जात होते. बादली बघितली, ह्यांना बघितलं, आणि म्हणाले, “ट्यूब हवा बाहेर सोडते. ही आत ओढते.” वर्षभराचा शब्दांचा कोटा त्या दोन वाक्यांत संपला असावा, कारण लगेच चालायला लागले. नळी फुटकी असली तरी बुडबुडा बाहेर येणार नव्हता, उलट साबणच आत गेला असता. हे जराही विचलित झाले नाहीत. बुडबुडे येत नाहीत याचीच खात्री करत होतो, म्हणाले.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. इंजिन तो अर्धा तास अगदी शहाण्यासारखं चालत होतं. डुग, डुग, दम, डुग. ह्यांच्या मते गुन्हेगाराला आपली चाहूल लागली होती.

शुक्रवारी ह्यांना खरा माल सापडला. एका आखूड नळीच्या तोंडात चक्क एक स्क्रू खुपसलेला. ह्यांनी तो चिमट्याने उपटला आणि इंजिन असं किंचाळलं की कुंपणावरचं मांजर शेजारच्यांच्या छपरावर गेलं. ह्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोन्ही हात वर करून, घामाने धुरकट झालेला चष्मा काढून बाजूला ठेवून, हे माझ्याऐवजी पाण्याच्या पिंपाला सांगत होते की रहस्य उलगडलं. कोणीतरी रोज हा स्क्रू काढतो, बाबांना घाबरवतो आणि मिस्त्री तपासणार म्हटलं की परत खुपसतो. ज्याला आतलं माहीत आहे असा कोणीतरी. घरातला.

संध्याकाळच्या चहाला दादा आला होता. ह्यांनी पाकीट काढलं, पाकिटातून स्क्रू काढला, तो दादाच्या बशीत ठेवला आणि शांतपणे विचारलं की तुमची गाडी सध्या उन्हात उभी असते ना? ट्रक नसेल तर ती शेडमध्ये येईल, नाही का? आई चहा ओतता ओतता थांबली. मी वही ओट्याखाली सरकवली. दादाने स्क्रूकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला की ती नळी नऊ वर्षांपूर्वी निकामी झाली, तेव्हा मिस्त्रींनीच तिच्या तोंडात स्क्रू घालून ती बंद केली. बॅटरीचा उजेड धरून तो स्वतः शेजारी उभा होता. मग त्याने मिस्त्रींना फोन लावला, आणि सात मिनिटांत ते आले. एक शब्द न बोलता तळहात पुढे केला. ह्यांनी पुरावा परत केला. स्क्रू जागेवर गेला, आणि इंजिन पुन्हा गुमान डुगडुगायला लागलं. दादा जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की रविवार तो रविवारच.

त्यात ह्यांचा चष्मा हरवला. शोधून शोधून सापडेना. गुन्हेगाराने सूड उगवला, असं ह्यांनी ठरवलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी, चष्मे ढिगाने, पण प्रकरण मिटेपर्यंत नवा चष्मा करणं म्हणजे गुन्हेगारापुढे हार मानणं, असा बाणा. मग शनिवारी सकाळी हे नंबर काढायची ती गोल लोखंडी चौकट नाकावर लावून आले, जिच्यात काचा एकेक करून सरकवतात. उजव्या डोळ्यात दोन काचा, डाव्यात तीन. मान हलवली की खुळखुळायची. बाबा त्या काळजीतही हसले, म्हणून मी काही बोलले नाही.

शनिवारी सकाळी बाबा एक छोटी काच पोचवून आले, आई सोबत होती. परत येताना गल्लीच्या तोंडापासूनच घों घों ऐकू आलं. अंगणात ट्रक उभा राहिला तरी इंजिन तसंच पळत होतं. बाबांचा चेहरा उतरला होता. ते इंजिन बंद करून सरळ आत गेले.

मी वही चाळली. गुरुवारी शांत, शुक्रवारी स्क्रू उपटेपर्यंत शांत, मिस्त्रींच्या गॅरेजात शांत. आज घों घों. सोमवारी उडी मारली तेव्हाही घों घों. मी ह्यांना म्हटलं, गाडी वेड्यासारखी वागते ती फक्त आई बसलेली असताना. ह्यांनी वही माझ्या हातून घेतली, चौकट खुळखुळवली, आणि तेच वाक्य जरा जाड आवाजात पुन्हा म्हटलं. मग ते ह्यांचं झालं.

साक्षी झाल्या. बाबांनी सांगितलं की पहिल्या आठवड्यात रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, जेमतेम वाढली होती, मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढत गेली. ह्यांनी चौकोनी कागदावर त्याची रेघ काढली. ती जिन्यासारखी वर चढत होती. मग आईची साक्ष. ट्रकमध्ये चढल्यावर तुम्ही नक्की काय करता, असं ह्यांनी विचारलं.

“काय करणार? बसते,” आई म्हणाली. “पिशवी खुंटीला अडकवते. पाय नीट घेते. आणि ह्यांच्या गुडघ्याकडे बघत राहते.”

बाबांनी मान डोलावली. पहिल्याच दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसली होती, म्हणून मीच म्हटलं खुंटीला अडकव, म्हणाले. ह्यांनी ‘गुडघ्याकडे बघते’ या शब्दांखाली मला दोन रेघा मारायला लावल्या. बाकीचं किरकोळ होतं.

आता सिद्धान्त असा झाला की आईच्या वजनाने ट्रकचा जुना पत्रा वाकतो, पत्र्याने नळी ताणली जाते आणि पोकळी निसटते. रेघ वर चढत होती, म्हणजे वजनही चढत असणार. आता सासूबाईंना वजन विचारायचं. ह्यांनी बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग अगदी सहज विचारलं, “आई, तुम्ही अंदाजे किती पोती असाल?” आईने त्यांच्या पुढ्यातली चहाची कपबशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

शेवटी आईच्या जागी मला बसवलं. मी आईपेक्षा चार किलो जास्त आहे. या संपूर्ण तपासात ह्यांनी बरोबर शोधलेली ती एकच गोष्ट, आणि ती ह्यांनी अंगणात मोठ्याने जाहीर केली. मी बसले, इंजिन चालू केलं, डुग डुग. माझ्या मांडीवर वाळूचं पोतं दिलं. डुग डुग. मी उतरले. माझा तिसरा राजीनामा तयार होता.

वजन नाही, तर मग स्वभाव, असं हे म्हणाले. आईला गुडघ्याची काळजी वाटते, काळजीने ती दीर्घ श्वास घेते, आणि तो श्वास ती पोकळी… इथे मी वही मिटली. मी आईच्या श्वासाबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही म्हणून सांगितलं. आईने कधी पोकळी चोरली नाही. शिवाय मला रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि आमच्या हाती एक गढूळ बादली आणि एक जिन्यासारखी रेघ, एवढंच होतं.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बाबा तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, तळहातावर किल्ली. मागे एक आरसा चौकटीत बांधलेला होता. आज पोचवायचा शब्द दिला होता, तो दादा पोचवील, म्हणाले. दादा आला, पण त्यालाही किल्लीकडे हात करवेना. तो उगीच चाकं बघत बसला. मिस्त्रीही कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

ह्यांनी चौकट सावरली आणि एक शेवटचं प्रात्यक्षिक मागितलं. दादा नाही म्हणणार होता, पण त्याआधीच बाबा उठून ट्रकमध्ये जाऊन बसले. त्यांनी किल्ली फिरवली, दार सताड उघडं ठेवलं, आणि उजवा पाय उचलून सरळ बाहेर काढला. चकाकणारा बूट हवेत. सगळ्यांना दिसेल असा.

डुग, डुग, दम, डुग.

मग ह्यांनी आईला बसायला सांगितलं. आई कुठेही निघाली की आधी तिची पिशवी निघते. ती कापडी, जाड बंदांची पिशवी आत गेली, मग आई. आई बसली, थोडी खुडबूड केली, पाय नीट घेतले.

आणि इंजिन घों करून उसळलं.

आम्ही सगळे बाबांच्या बुटाकडे बघत होतो. बूट बाहेर होता. दादाने खाली वाकून पेडल बघितलं. त्यावर कोणाचा पाय नव्हता, काही नव्हतं. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाबांनी नुसतं विचारलं, “दिसला का पाय?” दादा म्हणाला, दिसला. मग चाचरत म्हणाला की बाबा, पाय नसेल तर मग ही गाडीच धोक्याची आहे, आपोआप पळते, ही तर मुळीच चालवायला नको. म्हणजे आगीतून फुफाट्यात. बाबांचा पाय सुटला आणि ट्रक अडकला.

हे मात्र रंगात आले होते. दीर्घ श्वासाचा सिद्धान्त सिद्ध झाला म्हणाले, आता फक्त सासूबाईंचा जबाब आणि सही हवी. मला वही द्यायला सांगितली, स्वतः वाचायला गेले, आणि चौकटीतली डावी काच निसटून चिखलात पडली. ह्यांनी वही नाकाला लावली.

“अहो जावईबापू, चष्मा लावा की,” आई वरून म्हणाली. “माझ्याकडे आहे तो. शुक्रवारी मडगार्डवर पडला होता, मी उचलून पिशवीत ठेवला, आणि सांगायचं राहूनच गेलं. थांबा, देते.”

तिने पिशवी काढून मांडीवर घेतली.

डुग, डुग, दम, डुग.

ह्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि जगाकडे विजयी मुद्रेने बघितलं. म्हणजे चष्माच कारणीभूत होता तर, असं हे म्हणाले. चष्मा हरवून दोनच दिवस झाले होते आणि ट्रक सात आठवडे पळत होता, ही किरकोळ अडचण कोणी बोलून दाखवली नाही. आईने पिशवी परत अडकवली. घों. आम्ही सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. ती गोंधळली, तिने पिशवी काढली. डुग, डुग. पुन्हा अडकवली. घों.

“असे काय बघताय सगळे माझ्याकडे?”

बाबा आडवे वाकले. “कुठे अडकवतेस गं ती?”

“खुंटीला. तुम्हीच नाही का सांगितलंत?”

“खुंटी मागे आहे. तुझ्या डोक्यामागे, पत्र्याला.”

आईने मागे वळून बघितलं. तिथे खरंच एक खुंटी होती, रिकामी, तीस वर्षांची. मग तिने समोर, आपल्या गुडघ्यांपाशी, डॅशबोर्डखालून बाहेर आलेल्या काळ्या गोल मुठीकडे बोट केलं. “मग ही कसली?”

बाबांनी डोळे मिटले. “ती हाताची रेस आहे,” ते म्हणाले.

जुन्या ट्रकना असते ती. थंडीच्या सकाळी इंजिन गरम होईपर्यंत पाय दाबून बसायला नको म्हणून ही मूठ ओढायची, की आतली तार रेस वाढवून धरते. सोडली की स्प्रिंगने परत जाते. बाबांनी ती पंचवीस वर्षांत वापरली नव्हती. तिच्यावरचं अक्षर झिजून गेलं होतं, आणि आईची पिशवी लटकली की ती मुळी दिसतच नसे. बाबा म्हणाले खुंटी, आईनेही ऐकली खुंटी, आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या खुंट्या. सात आठवडे दोघं शेजारी बसून त्याच एका शब्दावर गाडी हाकत होते.

कुंपणापाशी मिस्त्री म्हणाले, “पिशवी.” आणि निघून गेले.

मग आम्हाला हसू फुटलं. दादा हसता हसता चाकाला टेकून खाली बसला. मी ट्रकच्या पायरीवर चढून आईच्या मांडीवरची पिशवी उचलायला गेले तर ती मला एका हाताने उचलेना. तिथेच नाकाडावर ती रिकामी केली. पाण्याची बाटली. दुखऱ्या गुडघ्याचं मलम. दुसरी बाटली. शाल. शेकायची रबरी पिशवी. गुडघ्याचा पट्टा, आणि तो भिजला तर म्हणून आणखी एक. बॅटरी. थर्मास. बाबांचे जुने बूट. डॉक्टरांचे कागद. एक वही, जिच्यात रस्त्यावरच्या प्रत्येक ओळखीच्या घराचा फोन नंबर लिहिलेला.

मी आईला विचारलं, पहिल्या दिवशी काय होतं यात? ती म्हणाली, बाटली आणि मलम. बाकीचं मग एकेक. गाडी विचित्र वागायला लागली तशी तिला जास्त भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली की ती एक वस्तू आणखी घ्यायची. ह्यांची ती जिन्यासारखी रेघ मला आठवली. ती रेघ बरोबर होती. फक्त ती कसली आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

आई ओशाळली होती. सगळं जवळ असलं म्हणजे काही होणार नाही असं वाटायचं, एवढंच म्हणाली, आणि वस्तू परत पिशवीत भरायला लागली. बाबा हसायचे थांबले. त्यांनी तिच्या हातातला तो दुसरा पट्टा घेतला आणि थोडा वेळ नुसता धरला.

“इतके दिवस मी माझ्या पायाला नावं ठेवत होतो,” ते म्हणाले. “रेसवर तर तुझी काळजी बसली होती.”

आईने त्यांच्या हातातून पट्टा घेतला आणि नीट घडी करून पिशवीत ठेवला. दादा कपडे झटकत उठला. बाबांनी किल्लीकडे हात नेला, तशी तो म्हणाला, “असू दे. किल्ली आहे तिथेच असू दे.” आणि लगेच तोंड फिरवून दोऱ्या तपासायला मागे गेला.

पिशवी घरी ठेवायला आई तयार झाली नाही. शेवटी तडजोड झाली. पिशवी मागे, आरशाशेजारच्या चौकटीत, कांबळ्यात गुंडाळून बांधली. आई पुढे मोकळे हात घेऊन बसली आणि तिला हात कुठे ठेवावेत हे कळेना, म्हणून तिने ते बाबांच्या गुडघ्यावर ठेवले. बाबांनी ते गुडघ्यावरून हलवले नाहीत, गाडी चालवायला अडचण होते तरीसुद्धा. फाटकाशी ट्रक थांबला, क्लच सुटला, आणि तो रस्त्यावर कधी उतरला ते आम्हाला आरशातलं आमचं प्रतिबिंब हळूच सरकलं तेव्हा कळलं.

हे माझ्या शेजारी उभे राहून निष्कर्ष सांगत होते. गुन्हेगार, पिशवी. हत्यार, खुंटी. शोधक, मी. आणि चोरीला गेलेली पोकळी आरोपीच्या पोटातून काढण्यात आली, कारण पिशवी रिकामी केली तेव्हा तिच्यात काय उरलं, पोकळीच ना. मी पहिल्यांदाच ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना मी हसत होते म्हणून अक्षर जरा हललंय. आणि तिसरा राजीनामा मी स्वतःच फाडला.

तासाभराने आई-बाबा परत आले. आम्ही आतच बसलो होतो, दादा पेपर चाळत होता. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. डुग, डुग, मध्ये दम, डुग. दादाने पेपर खाली ठेवला, मी वही उघडली, आणि दोघंही पाठ ताठ करून अभ्यासाला बसलेले दिसायला लागलो.